एनडीपीएसमध्ये जामीन : वजन, कलम, तारीख आणि पंचनामे

अटक झाल्याचा फोन घरी येतो तेव्हा सगळे एकच विचारतात, ‘जामीन कधी होईल?’ एनडीपीएसच्या, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या, केसमध्ये याचं उत्तर तीन गोष्टींवर ठरतं. जप्ती पत्रकावर वजन किती लिहिलंय, कलम कुठलं लावलंय आणि पहिली रिमांड, म्हणजे कोर्टाने दिलेली कोठडी, कुठल्या तारखेला झाली. वकील कितीही मोठा केला तरी या तीन गोष्टी बदलत नाहीत. त्या पहिल्या आठवड्यात टिपून ठेवल्या नाहीत, तर पुढे वर्षभर धावपळ करूनही हाती फारसं लागत नाही.

मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाच्या हद्दीत मंदसौर, नीमच आणि रतलाम येतात. तिथे सरकारी परवान्यावर अफूची शेती होते, म्हणून अफू आणि डोडाचुऱ्याच्या (अफूच्या वाळलेल्या बोंडांचा चुरा) केसेस इथल्या कोर्टांना नेहमीच्या आहेत. शहरात गांजा, ब्राऊन शुगर, एमडी आणि नशेच्या गोळ्या जास्त दिसतात. सगळे कागद हिंदीत असतात. घरात मराठी बोलणाऱ्यांना ते वाचता येतात, पण त्यांतला कुठला कागद कशासाठी असतो हे ठाऊक नसतं, म्हणून पुढे कागदांची नावं इथल्या थान्यांत लिहितात तशीच दिली आहेत.

वजनापासून सुरुवात

कायद्याने मालाचे तीन थर केले आहेत: अल्प मात्रा, मधली मात्रा आणि व्यापारी मात्रा. आकडे १९ ऑक्टोबर २००१च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेत आहेत. इथे लागणारे नेहमीचे आकडे असे (पहिला अल्प मात्रेचा, दुसरा व्यापारी मात्रेचा):

गांजा : १ किलो, २० किलो
चरस : १०० ग्रॅम, १ किलो
अफू : २५ ग्रॅम, अडीच किलो
डोडाचुरा : १ किलो, ५० किलो
हेरॉइन, म्हणजे ब्राऊन शुगरही : ५ ग्रॅम, २५० ग्रॅम
कोकेन : २ ग्रॅम, १०० ग्रॅम
मेफेड्रोन : २ ग्रॅम, ५० ग्रॅम
एमडीएमए : अर्धा ग्रॅम, १० ग्रॅम
अल्प्राझोलाम : ५ ग्रॅम, १०० ग्रॅम

व्यापारी मात्रा म्हणजे त्या आकड्यापेक्षा जास्त. गांजा बरोबर २० किलो दाखवला असेल तर तो मधल्या मात्रेत बसतो. वीस किलोच्या वर एक ग्रॅम गेला की कलम ३७, म्हणजे जामिनाची जादा कडक अट, आडवं येतं. एवढा बारीक फरक एका माणसाची दोन-तीन वर्षं ठरवतो, म्हणून वजन केलेल्या कागदाला, म्हणजे तौल पंचनाम्याला, सगळ्यात आधी हात घालायचा.

समजा दोन गोण्यांमधून २१ किलो ३०० ग्रॅम गांजा दाखवलाय. पाहायचं ते असं. वजन गोणीसकट केलं की गोणी वेगळी काढून? आत प्लास्टिकची पाकिटं होती का, त्यांचं वजन कुठे लिहिलंय? दोन्ही गोण्या एकत्र तोलल्या की वेगवेगळ्या? तौल कांटा सत्यापन पंचनामा जोडलाय का, आणि काटा कुठून आणला ते त्यात आहे का? बारदानाचं वजन मालात धरता येत नाही. वजन हद्दीच्या आसपास असेल तर हा मुद्दा जामिनातच मांडायचा, खटल्यासाठी राखून ठेवायचा नाही.

गांजाचं आणखी एक आहे. कायद्यातल्या व्याख्येप्रमाणे गांजा म्हणजे झाडाचे फुलं किंवा फळं आलेले शेंडे. शेंडे सोबत नसतील तर नुसती पानं आणि बिया त्यात येत नाहीत. पंचनाम्यात ‘पत्ती, डंठल, बीजयुक्त’ असं लिहिलेलं असेल आणि सगळं एकत्र तोललेलं असेल तर ते वाक्य अर्जात जसंच्या तसं उतरवा.

भेसळीच्या मालाचं मात्र उलट आहे. ‘ब्राऊन शुगरमध्ये खरी हेरॉइन तीन टक्केच निघाली’ हा युक्तिवाद एके काळी चालायचा. २२ एप्रिल २०२०ला सर्वोच्च न्यायालयाने हिरासिंग प्रकरणात ठरवलं की मिसळलेल्या पदार्थासकट पूर्ण वजन धरायचं. गोळ्यांच्या केसमध्ये याचा मार बसतो. एका गोळीत औषध अर्धा मिलिग्रॅम असलं तरी सरकारी पक्ष सगळ्या गोळीचं वजन धरतो, आणि हजारभर गोळ्यांत शंभर ग्रॅमचा आकडा सहज ओलांडला जातो. जुना निकाल दाखवून कोणी आशा लावत असेल तर त्यावर विसंबू नका.

‘एमडी’ या शब्दापासून सावध राहा. बाजारात मेफेड्रोनलाही एमडी म्हणतात आणि एमडीएमएलाही. ३० ग्रॅम मेफेड्रोन मधल्या मात्रेत येतं, ३० ग्रॅम एमडीएमए व्यापारी मात्रेच्या तिप्पट होतं. थान्यातल्या किटवर झालेली चाचणी हा अंतिम शब्द नव्हे. प्रयोगशाळेचा, म्हणजे एफएसएलचा, रिपोर्ट काय म्हणतो यावर थर ठरतो. रिपोर्ट आला की पहिल्या दिवशी नक्कल मागा.

कलम वाचायचं कसं

इथे गुन्हा ‘८/१५’, ‘८/१८’, ‘८/२०’, ‘८/२१’, ‘८/२२’ असा लिहितात. आठ म्हणजे मनाई, दुसरा आकडा पदार्थाचा: १५ डोडाचुरा, १८ अफू, २० गांजा आणि चरस, २१ हेरॉइन आणि कोकेनसारखे पदार्थ, २२ मेफेड्रोन आणि गोळ्यांसारखे मनावर परिणाम करणारे पदार्थ. अल्प मात्रेला एक वर्षापर्यंत शिक्षा, मधल्या मात्रेला दहा वर्षांपर्यंत, व्यापारी मात्रेला किमान दहा आणि कमाल वीस वर्षं.

अल्प आणि मधल्या मात्रेला कलम ३७ची जादा अट लागत नाही. तिथे जामिनाचा विचार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या साध्या निकषांवर होतो: माणूस पळून जाईल का, साक्षीदारांना धमकावेल का, आधीचे गुन्हे किती. अशा केसमध्ये घाबरून महिनाभर थांबण्यात अर्थ नाही.

व्यापारी मात्रा असेल, किंवा कलम १९, २४, २७-ए लावलं असेल, तर कलम ३७ लागतं. तिथे सरकारी वकिलाला विरोध करण्याची संधी द्यावी लागते, आणि त्याने विरोध केला तर न्यायाधीशांचं दोन गोष्टींवर समाधान व्हावं लागतं: आरोपी दोषी नाही असं मानायला वाजवी कारण आहे, आणि जामिनावर असताना तो गुन्हा करण्याची शक्यता नाही. दोन्ही एकदम. अटकपूर्व जामिनालाही हीच अट, त्यामुळे व्यापारी मात्रेत तो क्वचितच मिळतो.

२७-ए नीट तपासा. हे कलम अवैध व्यापाराला पैसा पुरवणाऱ्यासाठी आणि त्यात गुंतलेल्यांना आसरा देणाऱ्यासाठी आहे. किरकोळ खरेदीचे पैसे मोबाइलवरून दिले एवढ्यावर ते लावलेलं दिसलं, तर मूळ मात्रा मधली असूनही ३७ मागच्या दाराने आत येतं. अर्जाचा पहिलाच मुद्दा हा हवा. कलम २९, म्हणजे कट, तेही असंच. मुख्य आरोपीकडे व्यापारी मात्रा सापडली की ती सगळी २९खाली आलेल्या माणसाच्या डोक्यावर येते.

तारखांची वही

घरातल्या एकाने छोटी वही करायची. अटकेची तारीख आणि वेळ, कोर्टात पहिल्यांदा उभं केल्याची तारीख, प्रत्येक रिमांड, चालान (म्हणजे आरोपपत्र) सादर झाल्याची तारीख. वेळेत चालान आलं नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो, आणि या हक्काला कलम ३७ आडवं येत नाही. हे सर्वोच्च न्यायालयाने थमिसरासी प्रकरणात १९९५मध्येच स्पष्ट केलंय. व्यापारी मात्रेच्या केसमध्ये निर्दोषपणाची चर्चा न होता सुटण्याचा हाच एक सरळ रस्ता आहे, आणि तो केवळ दिवस मोजले नाहीत म्हणून हातातून जातो.

मुदत अशी: व्यापारी मात्रा किंवा १९, २४, २७-ए असेल तर १८० दिवस. मधल्या मात्रेत शिक्षा ‘दहा वर्षांपर्यंत’ आहे, किमान दहा नाही. २०१७च्या राकेश कुमार पॉल निकालाच्या आधारे तिथे ६० दिवस मागायचे. नव्या संहितेत शब्द बदलून ‘दहा वर्षे किंवा अधिक’ झाले आहेत, त्यामुळे सरकारी पक्ष ९० दिवसांचा आग्रह धरू शकतो. अर्ज तरीही ६१व्या दिवशीच लावा. नामंजूर झाला तर ९१व्या दिवशी पुन्हा.

दिवस मोजताना पहिल्या रिमांडचा दिवस धरायचा, असं २०२३मध्ये कपिल वाधवान प्रकरणात ठरलंय. पहिली रिमांड १० जानेवारी २०२६ची असेल तर जानेवारीचे २२ दिवस, फेब्रुवारीचे २८, मार्चचे १०. साठावा दिवस १० मार्च. १८०वा दिवस ८ जुलै, आणि हक्क ९ जुलैला सकाळी उभा राहतो. अटकेची तारीख यात धरत नाहीत. नेमकी हीच चूक करून लोक एक दिवस आधी अर्ज देतात आणि तो ‘अकाली’ म्हणून जातो.

त्या दिवशी काय करायचं ते आधी ठरवून ठेवा. अर्ज लेखी, कोर्ट उघडताच, आवक शिक्का आणि वेळ घालून. २०२०च्या एम. रवींद्रन निकालाप्रमाणे अर्ज आधी पडला असेल तर त्यानंतर त्याच दिवशी चालान आणून हा हक्क मोडता येत नाही. पण चालान आधी पडलं आणि अर्ज नंतर, तर खेळ संपला. जमानतदारही तयार हवेत. जामीन मंजूर होऊनही ठरलेल्या वेळेत हमी भरली नाही आणि तेवढ्यात चालान आलं, तर हक्क जातो.

१८०व्या दिवसाच्या आत सरकारी वकील एक वर्षापर्यंत मुदतवाढ मागू शकतो. तीन गोष्टी तपासा. अहवाल सरकारी वकिलाचा स्वतःचा आहे की तपास अधिकाऱ्याच्या पत्राला नुसतं पुढे ढकललंय? तपास कुठवर आला आणि या माणसाला आत ठेवणं का गरजेचं आहे, याची नेमकी कारणं दिलीत का? मुदतवाढीच्या वेळी आरोपी समोर किंवा व्हिडिओवर हजर होता का? २०२२च्या जिगर निकालाप्रमाणे त्याला हजर न ठेवता दिलेली मुदतवाढ टिकत नाही. तो निकाल दुसऱ्या कायद्यातला आहे, पण तरतूद तशीच आहे.

एफएसएल रिपोर्ट नसताना दिलेलं चालान अपुरं धरायचं का, यावर उच्च न्यायालयांचं एकमत नाही. हरकत नोंदवा, पण सगळी मदार तिच्यावर ठेवू नका.

पंचनामे पुढ्यात घेऊन बसा

मध्य प्रदेशातल्या चालानात साधारण हा क्रम सापडतो: मुखबिर (खबऱ्या) सूचना पंचनामा, तलाशी वॉरंट न मिळवता आल्याचा पंचनामा, रवानगी रोजनामचा (पथक थान्यातून निघाल्याची नोंद), कलम ५०ची नोटीस, सहमती पंचनामा, तलाशी पंचनामा, पहचान पंचनामा, तौल पंचनामा, जप्ती पत्रक, गिरफ्तारी पत्रक, मालखान्याची (जप्त माल ठेवायच्या खोलीची) नोंद, एफएसएलचं पत्र. एका कोऱ्या कागदावर प्रत्येकाची वेळ एकाखाली एक लिहा. रवानगी २१:१०, घटनास्थळ अठरा किलोमीटरवर, नोटीस २१:२०, आणि त्याच अधिकाऱ्याची थान्यातली दुसरी सही २१:२५, असं काही दिसलं तर ते कोणाच्याही युक्तिवादापेक्षा जड जातं. घरच्या माणसाने शांतपणे बसून केलेलं हे काम वकिलाला फार उपयोगी पडतं, कारण त्याच्याकडे त्या दिवशी वीस फायली असतात.

कलम ४२: बंद जागेत, म्हणजे घरात, गोदामात, झडती घेतली असेल तर मिळालेली खबर लिहून काढून ७२ तासांत वरिष्ठाकडे पाठवावी लागते. सूर्यास्तानंतर वॉरंटशिवाय शिरायचं तर कारण लिहावं लागतं. २००९च्या कर्नैल सिंग निकालानुसार उशीर झाल्यास समाधानकारक कारण चालतं, अजिबात न पाळणं चालत नाही. रस्त्यावर, बसस्टँडवर पकडलं असेल तर कलम ४३ लागतं आणि हा मुद्दा पडतो.

कलम ५०: अंगझडतीआधी ‘राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेट यांच्यासमोर झडती देण्याचा तुमचा हक्क आहे’ हे सांगावं लागतं. नोटिशीतला तिसरा पर्याय शोधा: ‘या मैं स्वयं आपकी तलाशी ले सकता हूँ’. २०१४च्या परमानंद निकालात हा तिसरा पर्याय आणि दोघांना मिळून एकच नोटीस देणं, दोन्ही चुकीचं ठरलं. पण माल बॅगेतून, गाडीतून निघाला असेल तर कलम ५० लागत नाही. २०२३च्या रंजन कुमार चढ्ढा निकालाने यावरची शंका मिटवली आहे. खिशातून निघालेल्या ६० ग्रॅम मेफेड्रोनसाठी हा मुद्दा सोन्यासारखा आहे, डिकीतल्या डोडाचुऱ्यासाठी बिनकामाचा.

कलम ५२-ए: मालाची यादी, फोटो आणि नमुने मॅजिस्ट्रेटसमोर व्हायला हवेत. २०१६च्या मोहनलाल निकालानंतर कित्येक जामीन यावर झाले. आता तेवढं पुरत नाही. डिसेंबर २०२४चा काशिफ आणि जानेवारी २०२५चा भारत आंबळे, या दोन्ही निकालांनी सांगितलं की ५२-एमधली चूक एकटी पुरेशी नाही. म्हणून ती सुटी मांडू नका, साखळीत मांडा: नमुना कधी काढला, सील कोणाकडे होतं, मालखान्यात कधी गेलं, प्रयोगशाळेत कितव्या दिवशी पोचलं, तिथे पोचलेलं सील आणि वजन पंचनाम्याशी जुळतं का.

पंच कोण आहेत तेही पाहा. त्याच थान्याच्या दुसऱ्या चालानांत तीच दोन नावं दिसली तर त्या केसेसचे क्रमांक अर्जात द्या. नव्या संहितेच्या कलम १०५प्रमाणे झडती-जप्तीचं चित्रीकरण करायचं असतं. ते चालानासोबत नसेल तर ‘का नाही’ हा प्रश्न न्यायाधीशांसमोर ठेवा.

आता घाईचं काम. माणूस दुसरीकडून उचलला आणि जप्ती भलतीकडे दाखवली, अशी तक्रार असेल तर पहिल्याच आठवड्यात विशेष कोर्टात अर्ज देऊन थान्याचं, टोल नाक्याचं, दुकानाचं सीसीटीव्ही आणि संबंधित मोबाइलांचं लोकेशन जपून ठेवण्याचा आदेश मागा. टोलचं फुटेज काही दिवसांत पुसलं जातं, मग खरं असूनही सिद्ध करता येत नाही. अटकेची कारणं लेखी मिळाली का, हेही याच वेळी नोंदवा. फेब्रुवारी २०२५च्या विहान कुमार निकालानंतर कारणंच न कळवता केलेली अटक बेकायदा ठरते आणि तिथे कायद्यातल्या जामिनाच्या कडक अटीही आडव्या येत नाहीत.

फक्त मेमोरेंडमवर आलेलं नाव

मेमोरेंडम म्हणजे पकडलेल्याचं पोलिसांनी लिहून घेतलेलं निवेदन. माळव्यात फक्त त्यावरून आलेले आरोपी पुष्कळ. पकडलेल्या माणसाने पोलिसांना सांगितलं, ‘माल अमुककडून घेतला’, आणि महिन्याभराने अमुकला घरून उचललं. त्याच्याकडे काहीच सापडलं नाही. २९ ऑक्टोबर २०२०च्या तूफान सिंग निकालाने कलम ६७खाली अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली पुरावा म्हणून बाद केली. पोलिसांपुढचं सहआरोपीचं निवेदन तर आधीपासूनच कच्चं. अशा माणसाला कलम ३७ असूनही जामिनाची चांगली संधी असते, पण एक अट आहे: त्याच्याविरुद्ध दुसरं काही नसावं. म्हणून आपणच आधी शोधायचं. पकडलेल्याशी फोनवर किती वेळा बोलणं झालं? बँकेतून, यूपीआयवरून पैसे आले-गेले का? लोकेशन जुळतं का? पैशाचा व्यवहार दुधाचा, भाड्याचा असेल तर त्याची पावती जोडा. लपवलेला व्यवहार केस डायरीतून (पोलिसांच्या तपासाच्या वहीतून) सुनावणीच्या वेळी बाहेर आला की अर्ज जागच्या जागी बसतो. अटकपूर्व टप्प्यावर मात्र तूफान सिंगचा आधार मिळत नाही, हे २०२२च्या समर्थ कुमार निकालात आलं आहे.

अर्ज, डायरी आणि सुनावणी

पहिला अर्ज विशेष न्यायाधीशांकडे, तो फेटाळला की उच्च न्यायालयात. इंदूर खंडपीठात तो एमसीआरसी, म्हणजे किरकोळ फौजदारी प्रकरण, म्हणून नोंदला जातो. वकालतनाम्यावर आरोपीची सही जेल अधीक्षकांकडून प्रमाणित करून घ्यायची असते. त्यात दोन-तीन दिवस जातात, तेव्हा पहिल्या मुलाखतीलाच तो कागद द्या. अर्जात थाना, अपराध क्रमांक, कलम, अटकेची तारीख, एकूण दिवस, दाखवलेली मात्रा, आधीचे सगळे गुन्हे आणि त्यांची आजची स्थिती, आणि आधीच्या प्रत्येक जामीन अर्जाचा क्रमांक, तारीख, निकाल. हे शेवटचं लपवू नका. जानेवारी २०२४च्या कुशा दुरुका निकालात सर्वोच्च न्यायालयाने याबद्दल कडक शब्द वापरलेत, आणि ती केसही गांजाचीच होती.

आधीचे गुन्हे असतील तर निर्दोष सुटल्याच्या निकालाची नक्कल लावा. ‘पुन्हा गुन्हा करणार नाही’ या दुसऱ्या अटीला उत्तर तिथे असतं. घर, नोकरी, शिकणारी मुलं, म्हातारे आई-वडील यांचे कागद साध्या केसमध्ये उपयोगी पडतात. व्यापारी मात्रेत त्यांनी पहिली अट पूर्ण होत नाही. सहा पानं कुटुंबाच्या हालांवर आणि अर्धं पान पंचनाम्यांवर, असे अर्ज रोज फेटाळले जातात. ते हाल खरे असतात, म्हणूनच अर्ज योग्य जागी जोर देणारा हवा.

केस एनसीबी, केंद्रीय नारकोटिक्स ब्युरो किंवा डीआरआय अशा केंद्र सरकारच्या यंत्रणेची असेल तर त्यांचा वकील वेगळा असतो. नक्कल राज्याच्या वकिलाला देऊन चालत नाही. थान्याच्या केसमध्ये डायरी वेळेवर येत नाही म्हणून तारखा जातात. तारीख लागली की दोन दिवस आधी डायरी मागवली आहे ना, याची खात्री करा.

मालाशी संबंध कसा जोडला आहे, हा सुनावणीचा गाभा. ड्रायव्हर, क्लीनर, मागच्या सीटवरचा प्रवासी, गाडीचा मालक, यांना आत माल आहे हे माहीत होतं का? कायद्यात कलम ३५ आणि ५४ची गृहीतकं आरोपीविरुद्ध जातात, त्यामुळे ‘मला माहीत नव्हतं’ एवढं पुरत नाही. बिल्टी (मालवाहतुकीची पावती), तिकीट, मालकाचं भाड्याचं पत्र असं काहीतरी हातात हवं.

न्यायाधीशांचा कल नामंजुरीकडे दिसला तर वकील अर्ज मागे घेतात. तो कोऱ्या हाताने मागे घेऊ नका. ‘मुख्य साक्षीदारांची साक्ष झाल्यावर पुन्हा येण्याची मुभा’ आदेशात लिहून घ्या. गुणदोषांवर फेटाळलेल्या अर्जानंतर तेच मुद्दे घेऊन परत गेल्यास परिस्थितीत काय बदललं, हा प्रश्न येतोच: पंच उलटले, एफएसएल वेगळं आलं, त्याच भूमिकेतल्या सहआरोपीला जामीन मिळाला, किंवा खटला रखडला.

खटला रखडला असेल तर

माझ्या मते व्यापारी मात्रेत आज सगळ्यात भक्कम आधार हाच. २८ मार्च २०२३च्या मोहम्मद मुस्लिम निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की कलम ३७ अक्षरशः वाचलं तर जामीन कधीच मिळणार नाही, आणि खटला अकारण लांबला तर ३७ असूनही जामीन देता येतो. त्याच वर्षीच्या रबी प्रकाश प्रकरणात साडेतीन वर्षांच्या कैदेवर जामीन झाला. मे २०२४च्या अंकुर चौधरी प्रकरणात दोन वर्षांहून जास्त कैद आणि उलटलेले पंच, यावर जामीन मिळाला. ती केस मध्य प्रदेशातलीच. सगळ्याच केसेसमध्ये असं होतं असं नाही. ३७च्या अटींबद्दल काहीच न लिहिता दिलेले जामीन रद्दही झाले आहेत, म्हणून अर्जात दोन्ही मुद्दे हवेत.

त्यासाठी विशेष कोर्टाच्या ऑर्डरशीटची प्रमाणित नक्कल काढा आणि तक्ता करा. यादीत साक्षीदार १९, दोन वर्षांत तपासले ४. पेशी (कोर्टाच्या तारखा) ३१ झाल्या. त्यांत साक्षीदार आला नाही १४ वेळा, आरोपीला जेलमधून आणलं नाही ६ वेळा, बचाव पक्षाने तारीख मागितली २ वेळा. आकडे उदाहरणाचे आहेत, पण मांडणी अशीच हवी. बचाव पक्षाच्या तारखा जास्त निघाल्या तर हा मुद्दा उलटतो. म्हणून खटला चालू असताना आपल्या बाजूने तारीख मागायची नाही, हे पहिल्या पेशीपासून पाळा.

पैसे नसतील तर

कैदेत असलेल्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२ तसं सांगतं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा उच्च न्यायालयाच्या विधी सेवा समितीकडे अर्ज द्या, किंवा १५१०० वर फोन करा. ‘आत ओळख आहे, पैसे द्या, जामीन करून देतो’ म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. दागिने मोडून दिलेला तो पैसा परत येत नाही आणि लाच दिल्याचा नवा गुन्हा अंगावर येऊ शकतो.

आदेश झाल्यावर

मंजुरीच्या आदेशात मुचलक्याची रक्कम आणि जमानतदारांची संख्या असते. इथे बहुधा शेतीची भू-अधिकार ऋण पुस्तिका, म्हणजे जमिनीच्या मालकीची सरकारी वही, मागतात. जमानतदार स्वतः हजर, आधार, फोटो आणि मूळ पुस्तिका घेऊन. त्याच पुस्तिकेवर आधीची जमानत चढलेली नाही ना, हे आधी उघडून पाहा. भाड्याने मिळणारा जमानतदार आणू नका. पुस्तिका बनावट निघाली तर जामीन जातोच, वर फसवणुकीचा गुन्हा घरच्यांवर येतो. नातेवाईक जळगाव, धुळे, बुऱ्हाणपूरकडचे असतील आणि त्यांचा सातबारा परजिल्ह्यातला म्हणून नाकारला, तर १९७८चा मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश निकाल दाखवा. एका गवंड्याच्या केसमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की जमानतदार किंवा त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे, एवढ्यावर जमानत नाकारता येत नाही. पडताळणीला मात्र दिवस लागतात, ते धरून चला.

रक्कम झेपत नसेल तर जानेवारी २०२३च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांचा आधार घ्या. जामीन होऊन सात दिवसांत सुटका झाली नाही तर जेल अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं असतं, आणि महिन्याभरात हमी भरली गेली नाही तर कोर्ट अटी सौम्य करण्याचा विचार करू शकतं. सुटकेच्या दिवशी दुसऱ्या एखाद्या केसचं वॉरंट जेलमध्ये पडून नाही ना, हे सकाळीच विचारून घ्या. नाहीतर संध्याकाळी फाटकाशी उभी असलेली माणसं रिकाम्या हाताने परततात.

अटी नीट वाचा. थान्यात हजेरी कुठल्या दिवशी, शहराबाहेर जायला परवानगी कोणाची, पासपोर्ट कुठे जमा. मोबाइलचं लोकेशन सतत तपास अधिकाऱ्याला दिसत राहावं, अशी अट घालता येत नाही. जुलै २०२४च्या फ्रँक व्हाइटस प्रकरणात, तेही एनडीपीएसच्याच, हे ठरलं आहे. पण जी अट घातली आहे ती बदलून मिळेपर्यंत पाळायचीच. पेशीला येणं शक्य नसेल तर त्याच दिवशी सकाळी, डॉक्टरच्या कागदासह, संहितेच्या कलम ३५५खाली हजेरी माफीचा अर्ज लावा. न सांगता चुकलेल्या एका पेशीवर वॉरंट निघतं, जमानतदाराची रक्कम जप्तीला लागते, आणि एनडीपीएसमध्ये दुसऱ्यांदा जामीन मागताना ती एक गैरहजेरी पहिल्या पानावर लिहिलेली असते.